पंडिता रमाबाई : मुक्तीचा शोध आणि मराठी बायबल

मुलूख सोडून दूर गेलेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात एखादी पोथी असतेच. कुणाच्या घरी ज्ञानेश्वरी, कुणाच्या घरी दासबोध, तर कुणाच्या घरी गुरुचरित्र. परक्या गावातील भाड्याच्या खोलीत भांडीकुंडी लागण्यापूर्वी ती पोथी फळीवर विराजमान होते आणि मग ते घर आपले वाटू लागते. अशाच एका बिऱ्हाडाची हकीकत आपल्या मंडळाच्या ह्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावयाची आहे. त्या बिऱ्हाडाचे सारे सामान म्हणजे पोथ्या आणि त्यांचे वाचन हेच त्याच्या निर्वाहाचे साधन. त्यातील धाकट्या मुलीने पुढे एक अगदी निराळा ग्रंथ हाती घेतला, तो समजून घेण्यासाठी निम्मे आयुष्य वेचले, आणि अखेर त्याच्या मूळ भाषा शिकून तो मराठीत आणला. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंच्या समाजकार्याची माहिती बहुतेकांस असते. विधवांसाठी काढलेले शारदा सदन, केडगावचा आश्रम, दुष्काळातून वाचविलेल्या मुली ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ह्या सर्व कार्याच्या मुळाशी जो एक प्रश्न होता, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. स्त्रीला मुक्ती आहे काय, आणि असल्यास ती कोणत्या ग्रंथात व कोणी वाचून सांगावयाची, हा तो प्रश्न होय. बाईंनी धर्मांतर केले म्हणून आपल्या अनेक घरांत त्यांचे नाव पुष्कळ वर्षे नाखुशीनेच घेतले गेले. त्यांचे उत्तर मान्य करावे की न करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्यांनी तो शोध किती प्रामाणिकपणे केला हे जाणून घेण्यास कोणाचीच हरकत नसावी.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्तपावन ब्राह्मण. त्यांचे घराणे हल्लीच्या कर्नाटकात, कारकळच्या बाजूस स्थायिक झालेले. विद्याभ्यासासाठी शास्त्रीबुवा तरुणपणी पुण्यास आले असता पेशव्यांच्या घरातील स्त्रीस संस्कृत शिकविले जाते हे त्यांनी पाहिले, आणि आपल्या पत्नीसही शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे लक्ष्मीबाईंना त्यांनी खरोखरच संस्कृत शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा मोठे काहूर उठले. उडुपीच्या पंडितसभेपुढे त्यांना आपल्या वर्तनाचा खुलासा करावा लागला. स्त्रीने संस्कृत शिकण्यास शास्त्राची बाधा नाही, हे त्यांनी ग्रंथाधारे मांडले. तरीही जनापवादाला कंटाळून ते सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात राहावयास गेले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. शास्त्राचा अर्थ रूढीहून निराळा असू शकतो, आणि तो पाहावयाचा तर ग्रंथ स्वतः उघडावा लागतो, हा धडा ह्या मुलीला असा जन्मापूर्वीच मिळालेला होता.

रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने गंगामूळ सोडले आणि तीर्थयात्रा सुरू झाली. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावयाचे, श्रोते जे देतील त्यावर गुजराण करावयाची, उरेल ते दानधर्मात घालवावयाचे, असा त्यांचा क्रम होता. आईने ह्या धाकट्या मुलीस संस्कृत शिकविले. अठरा हजार श्लोकांचे भागवत तिला मुखोद्गत झाले. घर नाही, गाव नाही, पण घरातील भाषा मात्र मराठीच. मराठी मुलुखात न वाढलेल्या ह्या मुलीने आपली मातृभाषा अशी वाटेवरच जोपासली, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ साली प्रथम वडील गेले, मागोमाग आई गेली, आणि लवकरच मोठी बहीण कृष्णाबाई हीही निवर्तली. व्रते झाली होती, उपवास झाले होते, दाने देऊन झाली होती, आणि अखेरच्या दिवसांत झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी ह्या विद्वान कुटुंबावर आली होती. मागे उरले थोरले बंधू श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई. ह्या दोघांनी हजारो मैल पायी तुडविले. दक्षिणेतून उत्तरेस, पंजाबापर्यंत, काश्मीरपर्यंत ते गेले, आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. इतक्या पुण्याचे फळ कोठे आहे, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हाच उभा राहिला असल्यास नवल नाही.

कलकत्त्यात मात्र एकदम दिवस पालटले. वीस वर्षांची कन्या अस्खलित संस्कृतात बोलते हे पाहून तेथील पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. तिला ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याचे निमंत्रण आले. तेथे संस्कृत भाषेत छापलेले बायबल भेट मिळाले. बाईंनी ते उघडून पाहिले, पण त्याची भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृताहून इतकी वेगळी वाटली, आणि त्यातील शिकवण इतकी अपरिचित, की ते वाचण्यात वेळ दवडण्यात अर्थ नाही असे त्यांनी ठरविले. ही छोटीशी घटना पुढील साऱ्या कथेची नांदी आहे. ग्रंथ हाती येणे आणि ग्रंथ कळणे ह्यांत केवढे अंतर असते, हे त्यांनी त्या दिवशी वाचकाच्या नात्याने अनुभविले. पुढे अनुवादक झाल्यावर हा अनुभव त्यांच्या पाठीशी राहिला.

ह्याच काळात सुशिक्षित मंडळींच्या सांगण्यावरून त्या स्त्रियांपुढे त्यांच्या धर्माविषयी व्याख्याने देऊ लागल्या. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रग्रंथांचा कसून अभ्यास केला. ह्या ग्रंथांत जवळजवळ प्रत्येक विषयावर मतभेद आहेत, परंतु स्त्रीजात ही स्वभावतः दोषी आहे आणि पुरुषाप्रमाणे तिला स्वतंत्रपणे मोक्ष मिळावयाचा नाही, ह्या गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत आहे, असे आपणांस आढळले, हे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. पतीची सेवा हीच स्त्रीची एकमेव आशा. शूद्रांची गतीही फारशी वेगळी नाही. केशवचंद्र सेन ह्यांनी त्यांस वेदाची प्रत देऊन तोही वाचावा असे सुचविले. त्यांनी तो वाचला, पण मनाचे समाधान झाले नाही. आपल्या परंपरेत भक्तिमार्ग आहे, जनाबाई आणि बहिणाबाई आहेत, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे योग्यच आहे. परंतु रमाबाईंची घडण शास्त्री घराण्यातील. त्या प्रमाणग्रंथांकडे बोट दाखवीत होत्या, आणि त्या ग्रंथांत त्यांना स्वतःसाठी दार उघडे दिसत नव्हते.

१८८० साली बंधू श्रीनिवास ह्यांचे डाक्क्यास निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि त्या आसामात सिल्चर येथे राहावयास गेल्या. तेथे पतीच्या पुस्तकांत त्यांना एक लहानसे बंगाली पुस्तक सापडले. ते लूकलिखित शुभवर्तमान होते. संस्कृत बायबलाने जे साधले नव्हते ते ह्या बोलभाषेतील पुस्तिकेने साधले. बाई ते आवडीने वाचू लागल्या. गावात येणाऱ्या एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टिकथा समजावून घेतली. ख्रिस्ती होण्याचा विचार त्यांनी पतीपुढे बोलून दाखविला, तेव्हा त्यांना तो मुळीच रुचला नाही, आणि विषय तेथेच राहिला. १६ एप्रिल १८८१ रोजी कन्या मनोरमा हिचा जन्म झाला, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीच्या विकाराने पतीचे देहावसान झाले. जेमतेम दीड-दोन वर्षांचा संसार आटोपून, कडेवर लेक घेऊन, ही तरुण विधवा पुण्यास आली.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक निघाले, आणि हंटर कमिशनपुढे त्यांनी स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. हे सर्व १८८२ ह्या एका वर्षात. ह्याच सुमारास एका मिशनरी बाईंकडून त्या इंग्रजी आणि नवा करार शिकू लागल्या, आणि येथेच त्यांचा परिचय नेहम्या गोऱ्हे ह्यांच्याशी झाला.

ह्या गृहस्थांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण तेही आपल्यासारखेच मराठी मुलुखाबाहेर वाढलेले. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे काशीस राहणाऱ्या चित्तपावन घराण्यातील. जन्म १८२५ चा. मिशनऱ्यांचे खंडन करण्याच्या हेतूने त्यांनी बायबल वाचावयास घेतले आणि १८४८ साली जौनपूर येथे स्वतःच बाप्तिस्मा घेतला. पुढे हिंदू दर्शनांची चिकित्सा करणारा षड्दर्शन दर्पण हा हिंदी ग्रंथ त्यांनी लिहिला. तर्काची प्रत्येक पायरी तपासल्यावाचून पुढे पाऊल न टाकणारा हा शास्त्री रमाबाईंना आपल्या कुळातला वाटला असावा. त्यांच्या शंकांना शास्त्रीय पद्धतीने उत्तर देणारा ख्रिस्ती मनुष्य त्यांना प्रथमच भेटला होता.

स्त्रीधर्मनीतीच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून १८८३ साली रमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडास गेल्या. बहिरेपणामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. बरोबर आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने तेथे मनाच्या क्षोभात विष घेतले आणि तिचा अंत झाला. परक्या देशात, जवळचे कोणी नसताना, हा आघात त्यांनी सोसला. पुढे त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे त्याच भगिनींनी चालविलेला एक आश्रम दाखविण्यात आला. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात असे. आपल्याकडे ज्या स्त्रीची सावलीही कोणी अंगावर घेणार नाही, तिची सेवा ह्या बायका का करतात, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. भर दुपारी एकटी पाण्याला आलेली, परजातीची, लौकिकदृष्ट्या बदनाम अशी ती बाई विहिरीवर भेटते, आणि येशू तिच्याकडे पाणी मागून तिच्याशीच परमेश्वराच्या खऱ्या उपासनेविषयी बोलतो. धर्मशास्त्राच्या पानांत रमाबाई जे दार शोधीत होत्या, ते येथे त्यांना उघडे दिसले. त्यात गोऱ्ह्यांच्या लेखनाने तर्काचे उरलेसुरले आक्षेप दूर केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

ह्या वार्तेने महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली हे सांगावयास नको. वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठविली. जोतीराव फुले ह्यांनी मात्र १८८५ च्या सत्सार ह्या पुस्तकात त्यांची बाजू घेतली. परंतु ज्यांनी त्यांना आपल्या पंथात घेतले त्यांच्याशीही बाईंचे लवकरच खटके उडू लागले. भगिनी जेराल्डिन ह्यांच्याशी आणि चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉरोथिया बील ह्यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या त्रैक्याचा सिद्धांत ज्या काटेकोर शब्दांत चर्चने बांधला आहे, ते शब्द आपणांस बायबलात दाखवून द्यावेत, असा रमाबाईंचा आग्रह होता. धर्माध्यक्षांनी ठरविले म्हणून मानावे, ह्या युक्तिवादाला त्यांचा विरोध होता. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले असता दुसरे चढवून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमच्या लोकांना समजेल असे संस्कृत काय वाईट, असाही वाद त्यांनी घातला. हिंदुस्थानातील दोन बिशपांनी, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये असा सल्ला दिला, तेव्हा त्या मनापासून दुखावल्या. त्यांनी शाकाहारही सोडला नाही. धर्म बदलला तरी उडुपीच्या सभेत उभ्या राहिलेल्या बापाची ही लेक बदलली नव्हती.

१८८६ साली नात्यातील डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाले. विधवांच्या शिक्षणासाठी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. तेथे धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, प्रत्येक मुलीने आपापला आचार पाळावा, असे ठरले होते. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे महर्षी कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

बाहेर संस्थेचा व्याप वाढत होता, पण अंतरात एक अस्वस्थता होती. बाप्तिस्म्यास आठ वर्षे लोटली होती. सिद्धांत पटले होते, आचार पाळला जात होता, सेवा घडत होती. तरी ज्या शांतीसाठी एवढी पायपीट केली ती हाती आली नव्हती. १८९१ साली विल्यम हॅस्लम ह्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हे हॅस्लम पुष्कळ वर्षे धर्मगुरूचे काम करीत होते, आणि १८५१ साली कॉर्नवॉलमधील आपल्या चर्चमध्ये प्रवचन करीत असता त्यांच्या स्वतःच्याच अंतःकरणात पालट झाला, अशी त्यांची कथा आहे. ती वाचताना रमाबाईंस एकदम उमगले की आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त अजून सापडलेला नाही.

हा भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण ख्रिस्ती तारणविचाराचे मर्म त्यातच आहे. आपल्याकडे पाप आणि पुण्य ह्यांचा हिशोब मांडण्याची सवय आहे. पुण्याचे पारडे जड व्हावे म्हणून व्रते, दाने, यात्रा करावयाच्या. डोंगरे कुटुंबाने हेच केले होते. ख्रिस्ती झाल्यावरही मनुष्य तीच वही पुढे चालवू शकतो, फक्त व्रतांच्या जागी प्रार्थना आणि यात्रेच्या जागी चर्च येते. पौलाच्या पत्रांतील शिकवण अशी आहे की तो हिशोब मनुष्याला कधीच चुकता करता येणार नाही. ते ऋण ख्रिस्ताने आपल्या मरणाने फेडले आहे, आणि मनुष्याने ते दान विश्वासाने स्वीकारावयाचे आहे. ह्यालाच कृपेने तारण असे म्हणतात. सत्कृत्ये त्या तारणाची किंमत नव्हेत, ती त्याची फळे होत. बाप्तिस्म्याच्या संस्कारानेच हा नवा जन्म घडतो की अंतरीच्या विश्वासाने, ह्याविषयी खुद्द ख्रिस्ती पंथांत जुना वाद आहे. वाँटेजच्या भगिनींचा भर संस्कारावर आणि चर्चच्या अधिकारावर होता. रमाबाई अनुभवांती दुसऱ्या बाजूस आल्या. ज्या स्त्रीजवळ विद्या नाही, द्रव्य नाही, कुळ नाही आणि लौकिकही नाही, तिलाही जे फुकट मिळू शकेल असे तारण त्यांना हवे होते, आणि पौलाच्या शिकवणीत त्यांना ते मिळाले. त्रैक्यादी जे सिद्धांत त्यांनी पूर्वी इतक्या निकराने तपासले होते, तेही पुढे त्यांनी स्वीकारले, पण बिशपांच्या सांगण्यावरून नव्हे.

ह्या पालटाची किंमत शारदा सदनाला द्यावी लागली. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. धर्मनिरपेक्षतेचे वचन मोडले असा आक्षेप निघाला. केसरीतून कडक टीका झाली. १८९३ साली रानडे, भांडारकर आदी हितचिंतकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. ह्या प्रकरणी सारा दोष एकाच बाजूस देणे न्यायाचे होणार नाही. विश्वासाने मुली पाठविणाऱ्या पालकांचे दुःख खरे होते. ज्याने आपले जीवन उजळले ते दाराआड लपवावे कसे, ही बाईंची अडचणही खरी होती.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. छावण्यांतील उपाशी मुली पाहून त्यांना आपले आईवडील आठवले. त्यांनी शेकडो मुली आपल्याबरोबर आणल्या आणि पुण्यापासून काही कोसांवर केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांची वसती केली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, दूधदुभते, छापखाना असे नाना उद्योग तेथे चालू झाले. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झाले, आणि मनोरमाबाईंनी अंध मुलींस ब्रेल लिपी शिकविली. ह्या वसतीस बाईंनी नाव दिले मुक्ती. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात नगराच्या तटांस तारण हे नाव देण्याचा जो उल्लेख येतो, त्यावरून ते सुचले. मराठी ख्रिस्ती मंडळींत रूढ शब्द तारण हा होता. परंतु ज्या शब्दाचे दार शास्त्राने स्त्रीसाठी बंद केले असे त्यांना कलकत्त्यात वाटले होते, त्याच अर्थाचा शब्द त्यांनी आश्रमाच्या वेशीवर लिहिला.

आणि मग त्यांनी आयुष्यातील सर्वांत मोठे काम अंगावर घेतले. मराठीत बायबल नव्हते असे नाही. विल्यम कॅरी ह्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने, १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली नवा करार मराठीत छापला होता. मराठी बायबलाचा हा उगमही महाराष्ट्राबाहेरचाच. पुढे मुंबईच्या मिशनरी मंडळींनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. परंतु ती भाषा संस्कृतप्रचुर असल्यामुळे खेड्यातील बायकांना समजत नाही, आणि तीतील पुष्कळ शब्द आपल्याबरोबर हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ घेऊन येतात, असा रमाबाईंचा आक्षेप होता. मुक्तीतील मुली दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावे असे बायबल त्यांना हवे होते.

ही अडचण किती सूक्ष्म आहे ते एका उदाहरणाने कळेल. निकदेम नावाच्या शास्त्र्यास येशू सांगतो की मनुष्याने नव्याने जन्मले पाहिजे. येथे पुनर्जन्म असा शब्द योजला तर मराठी वाचकाच्या मनात चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा उभा राहील आणि मूळ अर्थ नेमका उलटा होईल. मोक्ष म्हटले की जन्ममरणापासून सुटका, तारण म्हटले की बुडत्याला पैलतीरी नेणे. एकेका शब्दात एकेक दर्शन दडलेले असते. ग्रंथाचा अर्थ लावणे म्हणजे मोठमोठी भाष्ये लिहिणे असे आपण समजतो. पण अनुवादकाला ते भाष्य प्रत्येक ओळीत, एकेक शब्द निवडून करावे लागते. म्हणून बाईंनी इंग्रजीच्या आधारावर विसंबून न राहता जुन्या करारासाठी हिब्रू आणि नव्या करारासाठी ग्रीक भाषेचा अभ्यास केला. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीकडे झुकलेले होते, आणि ऐकू तर फारच कमी येत असे. पोराबाळांनी गजबजलेल्या त्या आश्रमाचा कारभार पाहता पाहता सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे, हे सर्व मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच केले.

ह्या अनुवादाविषयी सर्वांचे मत अनुकूल आहे असे नाही. मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या आग्रहामुळे भाषा ठिकठिकाणी रुक्ष झाली, आणि संतांच्या वाणीने समृद्ध झालेले शब्द टाळल्यामुळे मराठी मनाशी सहज संवाद साधण्याची एक वाट त्यांनी स्वतःच बंद केली, असे म्हणण्यास जागा आहे. त्याच काळात ह. भ. प. मंडळींच्या थाटात ख्रिस्तगीते रचणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची दृष्टी अगदी निराळी होती. मराठी ख्रिस्ती समाजात अन्य अनुवादच अधिक रूढ राहिले. तथापि मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून एका स्त्रीने एकहाती संपूर्ण बायबल अनुवादावे आणि स्त्रियांनी ते छापावे, ही घटना केवळ मराठीतच नव्हे, तर कोणत्याही भाषेत विरळा आहे.

अखेरची वर्षे दुःखाची गेली. ज्या मनोरमाबाईंवर संस्थेची सारी भिस्त होती, त्या २४ जुलै १९२१ रोजी निवर्तल्या. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक. रमाबाईंनी मुद्रितांचे कागद पुन्हा पुढे ओढले. अनुवादाचे काम पूर्ण झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली छापून बाहेर पडला. तो पाहण्यास त्या राहिल्या नाहीत. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. केडगावचा मुक्ती आश्रम आजही चालू आहे.

उडुपीच्या सभेत एका शास्त्र्याने आपल्या पत्नीचा ग्रंथ वाचण्याचा अधिकार मांडला होता. त्याच्या मुलीने तो अधिकार पुण्याच्या शास्त्र्यांपुढे मांडला, इंग्लंडातील बिशपांपुढे मांडला, आणि अखेरीस दुष्काळातून आलेल्या एका निरक्षर पोरीच्या हाती, तिला समजेल अशा मराठीत, तो ग्रंथच ठेवला. त्या पोरीने वाचून काय ठरवावे हे मात्र तिचे तिने पाहावयाचे. आपल्या घरोघरी फळीवर असलेल्या पोथ्या आपण अलीकडे उघडून वाचतो का, आणि परमुलुखात वाढणाऱ्या आपल्या मुलीनातींना त्या वाचता येतील एवढी मराठी आपण त्यांस दिली आहे का, हा प्रश्न ह्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण स्वतःस विचारला, तरी गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या आणि सारा भारत पायी हिंडलेल्या ह्या मराठी पंडितेचे स्मरण केल्यासारखे होईल.